न चावणारी चप्पल

"हलला," त्र्यंबक म्हणाला.

"हलला न्हाय, पळाला!" केरबाने पाय पोटाशी ओढून घेतला. "दिवा हाय का भट्टी, वो?"

सकाळपासून वाया गेलेला हा पाचवा फोटो होता. केरबाच्या पायात त्यानेच शिवलेली नवी कोल्हापुरी कापशी चप्पल होती आणि पायापासून वीतभर अंतरावर पाचशे वॅटचे दोन दिवे जळत होते. चपलेच्या वेणीचा पेड न् पेड स्पष्ट उमटायचा, तर भिंगाचे तोंड अगदी बारीक करावे लागे. मग फिल्मवर पुरेसा प्रकाश उतरायला आठ सेकंद लागत. चौथ्या सेकंदाला केरबाचा अंगठा आपोआप आक्रसे आणि वेणीचा नुसता धूर होई.

मुंबईच्या व्यापाऱ्याने आधीचे फोटो परत पाठवले होते. पाटावर मांडलेल्या चपला मेलेल्या पाखरांसारख्या दिसतात, असे त्याने लिहिले होते. चपला पायात हव्यात आणि शनिवारपर्यंत हव्यात. नाहीतर परदेशी पाठवायचा माल तो अथणीच्या कारागिरांकडून घेणार होता. रबरी चपला आल्यापासून केरबाच्या शेजारची दोन दुकाने बंद झाली होती. हे काम हुकले, तर तिसरे त्याचे होते.

त्र्यंबकाला हे सारे ठाऊक होते, म्हणूनच केरबावर रागवायला त्याला जमत नव्हते. तसाही तो माणसांपेक्षा वस्तूंपुढे मोकळा होई. वस्तू उलट पाहत नसत.

दुपारी केरबाची बायको बनाबाई त्याचा डबा घेऊन स्टुडिओत आली.

"हिचं पाय घ्या की!" केरबा एकदम म्हणाला. "आमच्या दुकानाचं निम्मं नाव हिच्या पायावर हाय."

"काय तरीच तुमचं," बनाबाई पदर सावरत म्हणाली.

"खोटं हाय व्हय? त्र्यंबकराव, नवी कापशी पंधरा दिवस चावतीया. म्हनून गिऱ्हाइकाची जोडी आधी ही घालती. तेल मुरवत, घरभर हिंडून मऊ करती. इतक्यांदा घालूनबी कधी हाय म्हनून म्हनली न्हाय. हिला चप्पल चावतच न्हाय!"

"पयल्यांदा चावायच्या की," बनाबाई म्हणाली. "अलीकडं न्हाय चावत. आता कुठं तुमचा हात बसला."

"ऐका! तीस वर्सांनी तारीफ केली बाईनं!"

त्र्यंबक हसला. त्याने बनाबाईला स्टुलावर बसवले आणि तिचे पाय उजेडात नीट ठेवले. भेगाळलेले, शांत पाय होते ते; दिवसभर चालून नदीकाठी टेकल्यासारखे. उजव्या पावलावर रुपयाएवढा एक फिकट डाग होता.

"हा कसला?"

"चुन्याचा आसंल, दादा. कातडं चुन्यात भिजवतोय न्हवं, तवाचा. धुतला तरी जात न्हाय."

दिवे लागले. त्र्यंबक मनात मोजू लागला. चार झाले, पाच झाले. पाय हलला नाही. आठ झाले. त्याने आणखी एक फोटो घेतला, मग आणखी चार. खोलीत घामाचा आणि तापल्या कातड्याचा वास दाटला. ते पाय मात्र दगडात कोरल्यासारखे स्थिर होते. किती सोसले असेल या पायांनी, असे त्याला वाटले आणि उगीचच आपल्या आईची आठवण झाली.

"पोळत नाही का हो?"

"चुलीफुडं जल्म गेला तिचा," केरबानेच उत्तर दिले. "तिला काय पोळतंय?"

दिवे विझल्यावर त्र्यंबकाला तिच्या करंगळीपाशी टरारून आलेला फोड दिसला. त्याने तो दाखवला, तेव्हा बनाबाईने वाकून पाहिले.

"अगं बाई," ती म्हणाली. "ह्यो कवा आला?"

फोटो अप्रतिम आला. व्यापाऱ्याला पाठवायच्या प्रतीवर त्र्यंबकाने बारीक कुंचल्याने रंग भरून तो फिकट डाग पुसून टाकला. पहिली प्रत, होती तशीच, त्याने स्टुडिओच्या भिंतीवर लावली. आपल्या हातून घडलेले ते पहिलेच खरे काम आहे, असे त्याला वाटत होते.

तीन आठवड्यांनी गारगोटीकडच्या खेड्यांतून फिरणारे सरकारी डॉक्टर आपले ओळखपत्राचे फोटो न्यायला आले. पाकीट हातात घेऊनही ते निघाले नाहीत. भिंतीवरच्या फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले.

"हा डाग फोटोतला आहे की पायावरचा?"

"पायावरचा. चुन्याचा आहे. पाठवलेल्या फोटोत मी पुसला," त्र्यंबक संकोचून म्हणाला. मग त्याला राहवले नाही. "आठ सेकंद लागत होते, डॉक्टर. पाऊल तसूभर हलले नाही."

"दिवे किती लांब होते?"

त्र्यंबकाने वीत पसरून दाखवली. डॉक्टर पुन्हा फोटोतल्या डागाकडे वळले.

तेवढ्यात केरबा पेढ्यांचा पुडा नाचवत आत आला. मागून बनाबाई आली.

"जिंकलं, त्र्यंबकराव! बारा तऱ्हेच्या जोड्या मागितल्यात. आन् कागदावर लिवलंय, फोटोत हेच पाय पायजेत! आता पाटी रंगवून घेतो, 'न चावणारी चप्पल'."

डॉक्टरांनी पेढा घेतला आणि न खाता टेबलावर ठेवला. बारा वर्षे महारोगाच्या तपासणीत घालवलेल्या त्या माणसाचा आवाज अगदी मऊ होता.

"बाई, जरा त्या स्टुलावर बसता का? चप्पल काढा. डोळे मिटा. पायाला कापूस लागला की 'लागला' म्हणून सांगायचं."

"गुदगुल्या करताय व्हय, डाक्तर?" केरबा हसला.

डॉक्टरांनी पिशवीतून कापूस काढला, त्याचे टोक पिळून बारीक केले आणि गुडघ्यांवर बसले. ते टोक त्यांनी डागावर टेकवले. मग घोट्यापाशी. मग अंगठ्यावर, जरा दाबून.

केरबाचे हसू थांबले. त्र्यंबक नकळत मोजू लागला होता. सहा, सात, आठ.

बनाबाईने फोटोला बसावे तसे डोळे घट्ट मिटले होते.

"लावा की, डाक्तर," ती म्हणाली. "मी कवाची तयार हाय."