वहिनींचा हात

तळघरातल्या त्या छोट्याशा रॉक कॉन्सर्टला आमची कॉलेजची टोळी गेली, कारण ड्रमवर आमचा डब्या होता. "काय डबडी बडवतोय रे!" असं ओरडलं की तो चालू गाण्यात शिवी हासडायचा आणि आमचं तिकीट वसूल व्हायचं. आज मात्र ढुंकूनही बघेना. नजर समोर हात हलवत डोलणाऱ्या बायकोवर खिळलेली.

"लग्नानं पार वाया गेला," म्हणत आमच्यातल्या लंब्यानं थट्टेत वहिनींचा हात धरला. "पुरे आता, जरा आमच्याकडेही बघू दे त्याला!"

ड्रम चुकला, मग थांबला.

"हात सोडा, भावजी," वहिनी पुटपुटल्या. "त्याचे कान गेलेत. माझा हात बघून ताल धरतो. बँडला अजून माहीत नाहीये."

गाणं अर्ध्यात बंद पडलं. गिटारवाला मागे वळून डब्याकडे बघत होता, आणि डब्या लंब्याच्या मुठीतल्या त्या हाताकडे.