सहा उंदरांचा उपास

१९५८ साली महाडचे डॉक्टर चित्रे एक प्रयोग करत होते. जेवण सुटून खंगलेल्या पोलादपूरच्या ठकूबाईच्या पोटातले जंतू त्यांनी सहा पांढऱ्या उंदरांना पाजले. दुसऱ्या सहांना पाजले नाहीत. दाणापाणी सगळ्यांना एकच.

ठकूबाई वारली. त्या दिवसापासून पहिले सहा उंदीर काहीच खाईनात.

तिसऱ्या दिवशी तिचा नवरा गोमाजी मुंबईहून आला. डॉक्टरांनी त्याला न खाणाऱ्या उंदरांचा पिंजरा दाखवला.

"ठकू अशीच करायची," तो म्हणाला. "मी पुढ्यात जेवल्याबिगर घास घ्यायची नाय. मी मुंबयला गेलो, नि तिचं जेवणच सुटलं."

त्यानं शिदोरीतली भाकरी मोडून तोंडात घातली. साही उंदीर दाण्यापाशी आले आणि खाऊ लागले.

गोमाजीला हुंदका आला. घास तोंडातच राहिला.

साही उंदरांची तोंडं थांबली. ते त्याच्याकडे बघत राहिले.