माश्यांच्या कानावर

आमच्या व्हरमाँटच्या डोंगरात जुनी रीत आहे. घरात कुणी गेलं की मधाच्या पेटीवर काळं फडकं बांधायचं आणि माश्यांच्या कानावर घालायचं, नाहीतर त्या घर सोडतात.

एके सकाळी एझ्राला आपल्या पेटीवर काळं फडकं दिसलं.

"कोण गेलं गं?" त्याने बायकोला विचारलं.

"अजून तरी कोणी नाही. कॉफी घ्या," लोविना म्हणाली.

ते 'अजून तरी' एझ्राला खटकलं. त्याने कॉफी खिडकीबाहेर ओतली आणि पेटीपाशी जाऊन कुजबुजला, "तुमची मालकीण गेली. आता मीच."

लोविनाने ओतलेली कॉफी पाहिली, मग फडकं पाहिलं. नवऱ्याची पाठ वळताच तीही पेटीशी वाकली. "मालक गेले, बायांनो. आता मीच."

दुसऱ्या दिवशी पेटी रिकामी. सगळ्या माश्या शेजारच्या सायलसने आधीच मांडून ठेवलेल्या नव्या पेटीत.

"दोघंही एकदम गेलात म्हणे," सायलस हळहळला. "पोरक्या झाल्या बिचाऱ्या. म्हटलं, राहा."



रविवारी चर्चमध्ये सायलस प्रार्थनेला वाकला, तेव्हा त्याच्या काळ्या कोटाला मागून फडक्याएवढं भोक होतं.