न सापडलेला काटा

हर्षालीच्या पायातली चप्पल काढायला बयाबाई तयारच होईना. नातीला टेबलावर निजवायचं तर चपलेसकट, असा तिचा हेका. घोडेगावच्या दवाखान्यातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांना हसायला काय जातंय? गावातही चेष्टा व्हायची, की बयाबाईची नात चप्पल घालून झोपते.

झोपायचीच ती. तिच्या आधीची नात, इंद्रायणी, पाचव्या वर्षी गेली, पंच्याण्णव साली. तिच्या जांघेत गाठ आली तेव्हा बयाबाई म्हणाली, हे अवधाण, पायात काटा मोडला असणार. पायाला जखम झाली की जांघेत गाठ धरते, हे साऱ्या गावाला ठाऊक. तिने पोरीचा तळवा मांडीवर घेतला आणि दुपारभर सुईने काटा शोधला. तो सापडला नाही. पोर ओकून ओकून दुसऱ्या दिवशी गेली. त्या काट्याने बयाबाईची पाठ सोडली नाही. अंगण झाडताना, चुलीत काटक्या सारताना तो आता दिसेल, असं तिला वाटायचं. म्हणून हर्षालीचं पाऊल तिने कधी जमिनीला लागू दिलं नाही.

आणि आज तिच्याही जांघेत तशीच गाठ. सकाळपासून उलट्या. या खेपेला मुलाने, गोरखने, आईचं ऐकलं नाही. पोरीला उचललं आणि एसटी धरली.

डॉक्टरांनी गाठ चाचपली. हा हर्निया आहे, पण नेहमीच्या जागेच्या खाली, मांडीच्या मुळाशी. लहान मुलांत क्वचितच होतो, म्हणून ओळखू येत नाही, असं त्यांनी गोरखला समजावलं. आतडं अडकलं होतं. आजच पुण्याला नेऊन ऑपरेशन केलं तर पोर वाचेल, म्हणाले.

बयाबाईने त्यांचा हात धरला. "डागदर, आदी पाय बगा. काटा आत ऱ्हायला तर ही बी जाईल."

"आजी, ही गाठ काट्याने येतच नाही."

ऑपरेशन नीट झालं. हर्षाली शुद्धीवर आली, पाणी मागू लागली. गोरखला रडू आवरेना. बयाबाई मात्र पायथ्याशी बसून नातीच्या उघड्या तळव्यावरून हात फिरवत राहिली. मऊ तळवा, कुठे ओरखडा नाही. आणि तिला ती दुपार ऐकू आली. सुईखालचा पाय ओढून घेत इंद्रायणी सारखं एकच सांगत होती.

"आजी, पायात न्हाई गं. वर दुकतंय."