शेजारची सीट

पहिला ठोसा बसला तेव्हा कुशनवाल्याच्या हातात सायीच्या रंगाच्या कातड्याचा नमुना होता. तो मागच्या फळीवर आदळला, खिळ्यांचे डबे गडगडत खाली आले, ओठातून रक्त ओघळलं. नमुना त्याने सोडला नाही.

"रंग लाल होता," गाडीचा मालक म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. चढला होता तो हात.

दाराजवळच्या स्टुलावर मालकाची म्हातारी आई बसली होती. ती खाली बघत राहिली. हे कधी थांबतं ते ठाऊक असल्यासारखी.

दोन सीटांची ती जुनी स्पोर्ट्स कार मालकाच्या वडिलांची. ते गेल्यावर बारा वर्षं शेडमध्ये गंजत पडली होती. आता ती प्रदर्शनात उतरायची होती, वडिलांच्या नावाची पाटी लावून. तिथले परीक्षक भिंग घेऊन बघत. गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशी होती तशीच हवी. दाराचं अस्तर, कडेची पट्टी, सीटची शिवण, सगळ्याचा रंग तोच. एक चुकला की गाडी बाद.

मालकाजवळ फोटो होता. तीन वर्षांचा तो, बाबांच्या मांडीवर, मागे लालभडक सीट. आईलाही त्याने विचारलं होतं. ती म्हणाली, लालच होता, आता कशाला उकरतोस. तिच्या साक्षीला त्याने फार किंमत दिली नव्हती. आईला गाडी लागायची. त्या गाडीत बसलेलं त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं.

पण त्या सकाळी कुशनवाल्याने ड्रायव्हरची सीट उसवली आणि लाकडी चौकटीवर खिळ्यांच्या भोकांच्या दोन ओळी निघाल्या. म्हणजे कातडं एकदा बदललेलं. एका गंजक्या खिळ्याखाली जुन्याचा नखाएवढा तुकडा अडकला होता. सायीच्या रंगाचा. मालक म्हणाला, तुला चार टाके घालायला ठेवलंय, इतिहास शिकवायला नाही. यावर कुशनवाला हसला. तिथेच त्याचं चुकलं.

"साहेब, खोटं बोलायला तोंड लागतं," तो म्हणाला. "कातड्याला ते नसतं."

म्हणजे माझा बाप लोकांत खोटी गाडी मिरवत होता, असं म्हणायचंय का तुला, मालकाने विचारलं, आणि उत्तर यायच्या आत ठोसा मारला.

आता दुसरा बसला, बरगडीत. कुशनवाला वाकला. मालकाने ठोकणीचा लाकडी हातोडा उचलला. तो डोक्याच्या रोखाने आला होता, खांद्यावर बसला. पुढचा वार चुकला आणि गाडीच्या पुढच्या काचेवर गेला. काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकली. वडिलांनी जिच्यावर कधी बोटाचा ठसा उमटू दिला नाही, ती काच.

मालक क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचा संताप दुप्पट झाला. त्याने कुशनवाल्याची मानगूट धरून त्याला बोनेटवर दाबलं.

"शेजारची सीट अजून उसवली नाही," कुशनवाला दबल्या गळ्याने म्हणाला. "ती उघडून बघा. मग मारा."

"ती नको," आई म्हणाली.

सकाळपासून ती पहिल्यांदा बोलली होती. मालकाने ऐकलं नाही. ऐकायची सवयच नव्हती त्या घरात कोणाला. त्याने बाकावरची कातडं कापायची सुरी घेतली आणि शेजारच्या सीटच्या पाठीत वरून खुपसली. लाल कातडं टरटरा फाटत गेलं. दोन्ही हातांनी धरून त्याने ते ओरबाडून काढलं. त्या धसमुसळेपणात त्याचाही तळवा कापला.

लालच्या खाली साय होती. या सीटचं जुनं कातडं कोणी काढलंच नव्हतं, वरूनच दुसरं चढवलं होतं. आणि बसणाऱ्याचं डोकं जिथे टेकतं तिथे, दाराच्या बाजूला, तळहाताएवढा तपकिरी डाग होता. त्याच्या भोवती पुसल्याचे फराटे. पुसून पुसून थकलेल्या हाताचे.

कुशनवाला बोनेटवरून उठला, बरगडी धरून जवळ आला. सवयीने त्याने आधी शिवण बघितली.

"हे टाके कारागिराचे नाहीत," तो हळूच म्हणाला.

"त्यांनी स्वतः घातले," आई म्हणाली. "ही सीट कोणाला दाखवणार होते?"

ती उठली. पिशवीतून रुमाल काढला. मालकाने आपला रक्ताळलेला हात पुढे केला. ती त्याच्याजवळून पुढे गेली आणि रुमाल कुशनवाल्याच्या ओठाला लावला. खिडकीचा उजेड तिच्या कपाळावर पडला. कानाच्या वर एक पांढरी रेघ होती, केसांत शिरलेली. लहानपणापासून तो ती बघत आला होता. विहिरीवर पडले होते, असं तिने सांगितलं होतं.

"काय झालं होतं?" त्याने विचारलं.

"मी दार जोरात लावलं होतं," ती म्हणाली. "एवढंच."

मालक खाली बसला. हातातली सुरी त्याने लांब सरकवली. त्याच्या तळव्यातून थेंब गळत होते, सायीच्या कातड्यावर, जुन्या डागाच्या अगदी शेजारी. दोन्हींचा आकार सारखाच होत चालला होता.

त्याने विचारलं, "आई, मग आता कोणता रंग लावू?"

"त्यांनीही मला हेच विचारलं होतं," ती म्हणाली. "तू पोटात होतास. मी लाल सांगितला."

तिने कुशनवाल्याच्या मुठीतला नमुना सोडवून घेतला आणि मुलाच्या मांडीवर ठेवला.

"आता हा लाव. दिसू दे."