मऊ कापड

"भारती, माझी पांढरी साडी दिसंना गं कुठं," विमलबाईंनी आतून हाक मारली.

भारतीच्या हातातली चिकटपट्टी तिथंच थांबली. पलंगावर 'निवांत' नावाचे खोके रचून ठेवले होते. दुपारी ते भिंगारहून पुण्याच्या प्रदर्शनाला निघणार होते. प्रत्येकात भरतकामाची रिंग, सुई, रंगीत दोरे आणि पिंपळपान छापलेला कापडाचा तुकडा. रोज सकाळी थोडा वेळ मोबाईल लांब ठेवायचा, त्या पानावर धावदोरा घालायचा आणि मन जागेवर आणायचं, हे सगळं भारतीनेच बसून ठरवलं होतं. सोबतच्या कार्डावर तिने छापलंही होतं, 'घाई करू नका.'

नव्या कापडाने मात्र दगा दिला. त्यात सुई अडायची आणि मन शांत व्हायच्या ऐवजी माणूस चिडायचा. पाहिजे होतं वापरून वापरून मऊ झालेलं सुती. तसं घरात एकच होतं.

सासूबाईंना विचारता आलं असतं. पण त्या नाही म्हणतील असं वाटलं, म्हणूनच तिने विचारलं नाही. गेल्या वर्षी सम्राटने आईला नवी पांढरी साडी आणली होतीच. मग जुनीचं एवढं काय, असं स्वतःला सांगून तिने कात्री चालवली होती.

"नवी नेसा ना, आई," ती म्हणाली. "आज पौर्णिमा आहे."

"ती लई वाजती गं. वंदनेला बसलं की मला निस्ती साडीच ऐकू येती." विमलबाई दारात आल्या. "जुनी कशी, अंगावर हाय का न्हाई ते कळत न्हाई. परवाच धुऊन वाळत घातली हुती मी."

"वाऱ्याने गेली असेल गच्चीवरून."

"व्हय? मग मीच काढायची इसरले आसंन." विमलबाईंनी कपाळावर हात मारला आणि हसल्या. "डोकं कामातून गेलं बघ माझं. सम्राटला सांगू नको, उगं दवाखान्यात नेऊन बसवंल."

भारतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साडी कापताना लाज वाटली नव्हती. आता म्हातारीचा स्वतःवरचा भरवसाही आपणच कापला, असं तिला वाटलं.

विमलबाई रोजचीच फुलाफुलांची साडी नेसून आल्या. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे त्यांनी मेणबत्ती लावली. भारती शेजारी बसली. पौर्णिमेला सासूने म्हणायचं आणि सुनेने मागून म्हणायचं, हे लग्न झाल्यापासूनचं. त्रिसरण झालं. पंचशीलातलं पहिलं शील झालं.

विमलबाईंनी दुसरं म्हटलं. जे दिलेलं नाही ते न घेण्याचं.

भारतीचं तोंड उघडेना. शब्द तोंडपाठ होते, झोपेतही म्हणता आले असते. विमलबाई डोळे मिटून थांबून राहिल्या.

भारती उठली. तिने एक खोका आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि उघडला. त्यातल्या तुकड्यावर रफू होतं. उदबत्तीने पडलेलं भोक विमलबाईंनीच कधीतरी बुजवलेलं. फोटोत छान दिसेल म्हणून भारतीने तो तुकडा मुद्दाम वर ठेवला होता.

"आई, वाऱ्याने नाही गेली. मी कापली."

विमलबाईंनी रफूवरून बोट फिरवलं. मग परत एकदा फिरवलं. तुकडा मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि हात जोडले.

भारतीनेही हात जोडून घाईघाईने तिसरं शील म्हणायला सुरुवात केली.

"थांब," विमलबाई म्हणाल्या. "दुसरं राह्यलंय."