परत न आलेली घुबडं

लोकरीची घुबडं विणायला धाकट्या जावेला मीच शिकवलं, आणि आता परदेशातून धडाधड ऑर्डरी येतात त्या तिलाच! तिकडची कस्टम ड्युटी ती आधीच भरते आणि ती रक्कम धरूनच किंमत लावते. म्हणजे माझ्यापेक्षा महाग, तरी लोकांच्या उड्या तिच्याच मालावर. माझं घुबड स्वस्त. पण कुरिअरवाल्याने दारात ड्युटी मागितली की गिऱ्हाईक पार्सल घेतच नाही, आणि घुबड फिरून माझ्याच घरी. नुसता जळफळाट होतो.

एक बाई मात्र दर महिन्याला माझं घुबड मागवते आणि मुकाट्याने ड्युटी भरते. "असं एक तरी गिऱ्हाईक आहे का गं तुझ्याकडे?" मी जावेला मुद्दाम ऐकवते. ती आपली मान खाली घालून विणत राहते.

आज ती परदेशातल्या तिच्या मावशीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. मी मागून डोकावले, तर मावशीच्या पाठीमागच्या फळीवर माझ्याच हातची घुबडं ओळीने बसलेली.



मावशी म्हणत होती, "अगं, तू सांगतेस म्हणून मागवते, पण आता ठेवायला जागा नाही. तुझ्या जावेला ड्युटी आधी भरायला शिकव ना एकदाचं!"